जुनी नाव नीट करणे

नोकरीतून मोकळे झाल्यावर वेळ कसा घालवावा, असे कित्येक बंधू आम्हांस पुसतात. सडक अर्जुनीच्या आसपास तलाव पुष्कळ. काठी एखादी फळ्यांची जुनी नाव पालथी पडलेली असते. ढिवर बांधवास विचारून ती नीट करावयास घ्यावी. मात्र वाळलेल्या भेगा लागलीच बुजवू नयेत. आम्ही उतावळेपणाने तसे केले. पाण्यात फळ्या फुगल्या आणि ठासलेले सूत बाहेर आले. आधी नाव काही दिवस पाण्यात बुडवून ठेवावी, म्हणजे बारीक भेगा आपोआप मिटतात. तरीही गळेल तेथे खूण करावी, व नाव जरा सुकल्यावर डांबरात भिजविलेले सूत ठोकावे. ठिगळाच्या लाकडाविषयी फार चोखंदळ असू नये. सन १९८६ मध्ये गालील समुद्राकाठच्या चिखलात दोघा मच्छीमार भावांना सापडलेल्या सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या नावेत अनेक जातींचे लाकूड आढळले.