शेवटचे कडवे गाळू नका

भीमजयंतीच्या रात्री आमच्या वस्तीत गायनाचा कार्यक्रम झाला. गायकाने एक जुने गीत फार सुंदर म्हटले. परंतु वेळ कमी असल्याने तीन कडव्यांवरच थांबवले. समोर बसलेल्या दहावीच्या एका मुलीने आम्हाला विचारले, "हे गाणे लिहिले कोणी?" आजूबाजूच्या दहा जणांना गाणे पाठ होते, कवीचे नाव एकालाही सांगता आले नाही. आम्हालाही नाही. घरी येऊन जुनी वही उघडली तेव्हा कळले, की उत्तर त्याच गीतात होते, त्या रात्री न गायलेल्या चौथ्या कडव्यात! त्या मुलीच्या प्रश्नातूनच हा पाठ तयार झाला आहे.

स्वतः गीत रचायचे आणि ढोलकी, पेटी, खंजिरी एवढ्याच साथीवर लोकांसमोर उभे राहून ते म्हणायचे, ही आपल्या चळवळीची जुनी रीत आहे. सत्यशोधक जलशांनी ती वाट घालून दिली. पुढे भीमराव कर्डक व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलशांतून डॉ. बाबासाहेबांचा विचार खेडोपाडी पोहोचवला.

याच वाटेवरचे थोर नाव म्हणजे लोककवी वामनदादा कर्डक. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी येथे झाला. शाळेचे शिक्षण त्यांना लाभले नाही. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत कष्टाची कामे करीत असताना. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले आणि मग आयुष्यभर ते गावोगाव गात राहिले. 'वाटचाल' (१९७३) व 'मोहळ' (१९७६) हे त्यांचे गीतसंग्रह. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

अशा गीताची बांधणी विद्यार्थ्यांनी नीट पाहावी. मुखडा लहान असतो, कारण तो साथीदारांनी आणि श्रोत्यांनी उचलायचा असतो. चाल बहुधा लोकांच्या कानावरची असते. त्यामुळे श्रोत्याचे लक्ष शब्दांकडे राहते. एका कडव्यात एकच विचार येतो. गायक शब्द म्हणतो तेव्हा ढोलकी दबकत वाजते. कडवे संपले की ती मोकळी सुटते. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी हीच शाळा होती, आणि मुखडा परत परत म्हणणे हीच उजळणी.

शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. त्याला नाममुद्रा म्हणतात. संतांच्या अभंगांत ती आहे. वामनदादांच्या गीतांत 'वामन' असा उल्लेख येतो तो याच रीतीने. ज्या कवीजवळ छापखाना नाही, करारपत्र नाही, त्याची सही म्हणजे ही ओळ. ती गाळली की गीत राहते, पण गीतकार पुसला जातो. वामनदादांची गीते पुस्तकांत आली, म्हणून त्यांचे नाव सापडते. पण प्रत्येक वस्तीत एखादा गाणारा असतो, ज्याची गीते कुठेच छापली गेलेली नाहीत. त्याचे काय?

भगवान बुद्धांची वचनेही कित्येक पिढ्या भिक्खूंनी मुखोद्गत करून जपली. परंतु पाठ असलेली माणसेच संकटात नाहीशी होतील हे ध्यानी आल्यावर, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत त्रिपिटक लिहून काढले गेले, असे परंपरा सांगते. स्मरण थोर खरे. पण ते माणसाच्या आयुष्याएवढेच टिकते. भीमराव कर्डकांनीही जलशांची हकीकत १९७८ साली पुस्तकरूपाने लिहून ठेवली, म्हणूनच ती आज आपल्या हाती आहे.

म्हणून आमची गायक बांधवांना विनंती, की वेळ कमी असेल तर मधले कडवे सोडा, शेवटचे सोडू नका. संयोजकांनी गीताआधी कवीचे नाव सांगावे. आणि श्रोत्यांनी बिदागी देताना गाणाऱ्याइतकीच रचणाऱ्याचीही चौकशी करावी.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास :

१) आपल्या वस्तीतील वयोवृद्ध गायकाकडे जा. एक गीत सर्व कडव्यांसह वहीत उतरवून घ्या.

२) कवी, गाव, चाल आणि ते प्रथम कोणत्या प्रसंगी म्हटले गेले, याची नोंद करा.

३) परवानगी घेऊन मोबाईलवर आवाज ध्वनिमुद्रित करा आणि वहीवरून त्यांना वाचून दाखवा. चूक असेल ती ते सांगतील.

चौथे कडवे सापडल्यावर आम्ही त्या मुलीला कवीचे नाव कळवले. तिने ते आपल्या वहीत लिहून घेतले. जे काम आम्ही वेळेवर केले नाही, त्याची सुरुवात त्या वहीत झाली आहे.