चॅट्सवर्थचा वाडा

इंग्लंडच्या मध्यभागी डर्बीशायर नावाचा डोंगराळ परगणा आहे. तेथे डर्वेंट नदीच्या काठी चॅट्सवर्थ हा दगडी वाडा उभा आहे. १५५२ साली बेस ऑफ हार्डविक या करारी स्त्रीने येथे पहिला वाडा बांधावयास घेतला. आज दिसणारी वास्तू मुख्यतः १६८७ नंतरची आहे. बेसच्या कॅव्हेंडिश वंशजांना पुढे ‘ड्यूक’ ही सरदारकीची मोठी पदवी मिळाली.

या वाड्याचे आपल्याशीही एक नाते आहे, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. १८२६ मध्ये जोसेफ पॅक्स्टन हा शेतकऱ्याचा तरुण मुलगा येथे मुख्य माळी म्हणून आला. त्याने काचेच्या उबदार घरात केळ वाढवली आणि धन्याच्या घराण्यावरून तिला ‘कॅव्हेंडिश’ हे नाव दिले. जळगावकडची बसराई केळी याच जातकुळीची! पुढे रशियाचा झार भेटीस येणार म्हणून पॅक्स्टनने डोंगरमाथ्यावर तळे खणवले आणि केवळ उतारावरच्या पाण्याच्या जोरावर सुमारे ९० मीटर उंच उडणारे कारंजे १८४४ साली उभारले. झार आलाच नाही. कारंजे मात्र राहिले.

१९३९ मध्ये महायुद्ध पेटले. सरकार मोठे वाडे सैन्यासाठी ताब्यात घेऊ लागले. सैनिकांपेक्षा मुली बऱ्या, असे ठरवून दहाव्या ड्यूकांनी वेल्समधील पेनरॉस विद्यालयाच्या विद्यार्थिनींना वाड्यात आणले. राजेरजवाड्यांसाठी सजवलेल्या दालनांत खाटांच्या रांगा लागल्या. मुलींच्या श्वासांच्या दमटपणाने चित्रांच्या मागे बुरशी धरली, असे सांगतात.

खरे संकट पुढेच होते. मालक वारला की वारसास मालमत्तेवर मोठा कर भरावा लागे. तो टळावा म्हणून ड्यूकांनी मालमत्ता आधीच मुलाच्या स्वाधीन केली होती. परंतु त्यानंतर देणाऱ्याने पाच वर्षे जगले पाहिजे, असा नियम होता. मुदतीस काही आठवडेच उरले असता, १९५० च्या नोव्हेंबरात ते वारले. कराचा दर होता शेकडा ८०! हा कर कठोर वाटतो खरा; पण युद्धाने खंगलेल्या देशाला दवाखाने आणि शाळाही चालवावयाच्या होत्या. त्या शतकात असे शेकडो वाडे पाडले गेले.

चॅट्सवर्थ वाचवण्यासाठी घराण्याने जमिनी विकल्या आणि मौल्यवान चित्रे व ग्रंथ सोडून दिले. खुद्द बेसने बांधलेला हार्डविक येथील वाडाही कराच्या बदली गेला. प्रेक्षकांसाठी चॅट्सवर्थची दारे १९४९ मध्येच पुन्हा उघडली होती. १९७३ साली तेथे मुलांना गुरे, शेळ्यामेंढ्या व दुधाची धार काढणे पाहता यावे म्हणून शेतवाडी सुरू झाली. १९८१ मध्ये वाड्याचा कारभार एका विश्वस्त संस्थेकडे सोपवण्यात आला. प्रेक्षकांच्या प्रवेशशुल्कातून आता छपरांची व भिंतींची डागडुजी होते. आणि कॅव्हेंडिश कुटुंब आपल्या वापरातील खोल्यांचे भाडे त्या संस्थेस देते.