भूमिगत खाणीवरची जमीन : भेगा व झरे यांची नोंद

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, सावनेर या कोळसापट्ट्यातील अनेक वस्त्यांखाली जुन्या-नव्या भूमिगत खाणी पसरलेल्या आहेत. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या अमराई वॉर्डातील एक घर डोळ्यांदेखत जमिनीत गडप झाले. हादरे जाणवताच कुटुंब बाहेर पळाले, म्हणून प्राण वाचले. तेव्हापासून इतिहासाच्या तासाला ‘पुरावा म्हणजे काय’ हे शिकविताना आम्ही शिलालेखांबरोबर जमिनीच्या भेगांचेही उदाहरण देतो. खालच्या पोकळीचा नकाशा खाण चालविणाऱ्याजवळ असतो. वर राहणाऱ्याजवळ केवळ आठवण असते, आणि आठवणीला कोणत्याही कार्यालयात आवक क्रमांक मिळत नाही.

भूमिगत खाणीत प्रथम कोळशाचेच खांब ठेवून मधला कोळसा काढतात. पुढे ते खांबही काढून घेतले की छत कोसळते. या पोकळीस कामगार ‘गोफ’ म्हणतात. तीत वाळू भरली तर वरची जमीन कमी खचते. न भरल्यास थरामागून थर वाकत खचण वरपर्यंत पोहोचते आणि जमिनीला परातीसारखा उथळ आकार येतो. परातीच्या मध्यभागी जमीन दाबली जाते, कडेला ताणली जाते; म्हणून भेगा बहुधा कडेला पडतात. ही कडा प्रत्यक्ष खोदकामाच्या सीमेबाहेरही जाते. ‘तुमच्या शेताखाली खाण नाही’ हे उत्तर अपुरे का, हे यावरून ध्यानी यावे. प्रतीत्यसमुत्पादाचा याहून सोपा दृष्टान्त आम्हांस वर्गात सापडलेला नाही.

परंतु विदर्भाच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, आणि तक्रार फेटाळताना नेमके हेच कारण पुढे केले जाऊ शकते. म्हणून फरक ओळखता आला पाहिजे. उन्हाळी भेगांचे जाळे असते, त्या कोठेही वळतात आणि पावसाने माती फुगली की मिटतात. खचणीची भेग लांबवर एका दिशेने धावते. शेत, बांध, रस्ता, भिंत यांना एकाच ओळीत छेदते. पुष्कळदा तिची एक बाजू दुसरीहून खाली बसलेली असते. पावसाने ती मिटत नाही. आत माती वाहून गेल्याने उलट रुंदावते. ही तुलना करायची तर एकच भेग मे महिन्यात व पुन्हा ऑगस्टमध्ये पाहिलेली असली पाहिजे.

मोजणीस महागडी साधने लागत नाहीत. भेगेच्या दोन्ही बाजूंस, काठापासून दूर, पक्क्या जमिनीत दोन खुंट्या खोल ठोकाव्यात, माथ्यावर खिळे मारावेत आणि दोन खिळ्यांमधले अंतर पोलादी टेपने दर आठवड्याला मिलिमीटरमध्ये लिहावे. एक बाजू खाली बसते आहे काय, हे गवंडी वापरतात त्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने कळते. भिंतीच्या तड्यावर प्लास्टरची पट्टी बसवून तिच्यावर तारीख घालावी; पट्टी तुटली तर हालचाल अद्याप चालू आहे. छायाचित्रात मोजपट्टी दिसलीच पाहिजे. मोजणी प्रौढांनी करावी. भेगेतून धूर, ऊब वा वास येत असेल तर तेथे थांबू नये. खाली कोळसा पेटलेला असू शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो.

झऱ्यांकडे आपले दुर्लक्ष अधिक होते. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांवरचा कामठी वालुकाश्म हा पाणी धरणारा खडक आहे. त्याला तडे गेले आणि खाणीतून अखंड उपसा होत राहिला की विहिरींची पातळी उतरते, झरे आटतात. खाण बंद होऊन उपसा थांबला की पोकळ्या भरतात आणि पाणी नव्याच जागी पाझरू लागते, कधी लोहाचा तांबूस साका घेऊन. त्याच पाण्याने जुने खांब कमकुवत होऊ शकतात. यास्तव नवा झरा दिसला म्हणून केवळ आनंद मानू नये. १० लिटरची बादली भरण्यास किती सेकंद लागतात ते मोजावे : ४० सेकंद लागले तर प्रवाह मिनिटाला १५ लिटर. सोबत त्या आठवड्याचा पाऊस, पाण्याचा रंग आणि जवळच्या विहिरीची पातळी लिहावी. पावसाची नोंद नसेल तर झरा दुष्काळाने आटला की खाणीने, हे ठरविता येत नाही.

कमी खोलीवरच्या जुन्या खाणींवर मात्र जमीन एकाएकी खड्डा होऊन कोसळते. तेथे भेगेची पूर्वसूचना मिळेलच असे नाही. अशा वस्तीचे रक्षण नोंदवहीने होणार नाही. तेथे आधी जुना नकाशा मिळविणे आणि धोका ठरल्यास सुरक्षित पुनर्वसन मागणे हाच मार्ग.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा क्षेत्रात गेले आणि स्वतः खाणीत उतरले. लगेच जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. अहवाल त्यांच्या टेबलावर येतच होते. तरी त्यांनी डोळ्यांनी पाहिले. तथागतांच्या ‘एहिपस्सिको’चा अर्थ आम्ही मुलांना या प्रसंगावरून सांगतो.

आपल्या गावात अशी वही सुरू करणार असाल, तर प्रत्येक नोंदीवर तारीख, वेळ, गट क्रमांक आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. खाडाखोड करू नये; चूक एका रेघेने छेदून शेजारी दुरुस्ती लिहावी. दर महिन्याची एक प्रत ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यावी. मोजमाप वाढत असेल तर तहसीलदार, खाण व्यवस्थापन आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाचे नागपूर येथील कार्यालय यांना त्याच प्रतीसह अर्ज करावा. माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : आपल्या गट क्रमांकाखाली वा लगत खोदकाम कोणत्या वर्षी झाले, किती खोलीवर झाले, खांब काढले काय, आणि पोकळीत वाळू भरली काय.