एमआरआयच्या आधी पाचशे रुपये

पाळी लांबली म्हणून प्रोलॅक्टिन हे हार्मोन तपासलं आणि आकडा 60 आला. बायकांमध्ये साधारण 25 नॅनोग्रॅमपर्यंत नॉर्मल धरतात. लगेच घरात ‘डोक्यात गाठ’ हा शब्द येतो आणि एमआरआयची वेळ घेतली जाते. एवढी घाई नको.

खाजगी लॅबमध्ये प्रोलॅक्टिन साधारण 400 ते 800 रुपयांत होतं. डोक्यातल्या पिट्युटरी ग्रंथीचा कॉन्ट्रास्ट एमआरआय सात ते बारा हजारांना पडतो. म्हणून पहिला खर्च प्रोलॅक्टिनचीच तपासणी पुन्हा करण्याचा. उठल्यावर दोनेक तासांनी जा, थोडं शांत बसा, मग रक्त द्या. सुईच्या धास्तीनंही प्रोलॅक्टिन वाढतं. सोबत टीएसएच आणि गरोदरपणाची चाचणी करून घ्या.

मग घरातली सगळी औषधं डॉक्टरांपुढे मांडा. ॲसिडिटीच्या कितीतरी कॅप्सूलमध्ये डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं आणि दोन्हींनी प्रोलॅक्टिन चढतं. रिस्पेरिडोननंही चढतं, पण मानसोपचाराची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. केसांसाठी घेतलेलं बायोटिन तर यंत्रालाच फसवतं: काही पद्धतींत प्रोलॅक्टिन आणि टीएसएच खोटं कमी दिसतं, कॉर्टिसॉल खोटं जास्त. डॉक्टरांना विचारून ते दोन-तीन दिवस आधी थांबवा.

आकडा पुन्हा वाढलेलाच आणि त्रास मात्र काही नाही? मग मॅक्रोप्रोलॅक्टिनची चौकशी करा. प्रोलॅक्टिनला अँटिबॉडी चिकटून झालेला हा मोठा रेणू शरीरात फारसं काही करत नाही, पण यंत्र तो मोजतं. ही तपासणी सगळीकडे होत नाही, आधी फोन करून विचारा. ती टाळून थेट एमआरआय केलात तर नवीच पंचाईत: साधारण दहातल्या एका निरोगी माणसाच्या पिट्युटरीतही बारीक ठिपका दिसतो. त्या ठिपक्यापायी विनाकारण गोळ्या सुरू होऊ शकतात.

याच्या उलट चूक मला जास्त भयंकर वाटते. गाठ मोठी, पण प्रोलॅक्टिन किरकोळच वाढलेलं. रक्तात ते अतोनात असलं तर काही यंत्रं गोंधळतात आणि आकडा खोटा कमी देतात. नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा मोजला की खरा आकडा कळतो. प्रोलॅक्टिनची गाठ बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आकसते. खोट्या आकड्यामुळे नको असलेली शस्त्रक्रिया होऊ शकते. तेव्हा ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी ‘डायल्यूशन केलं का?’ हे विचाराच.

अचानक असह्य डोकेदुखी झाली किंवा नजर कमी झाली, तर मात्र हा सगळा हिशोब बाजूला ठेवा आणि तडक इस्पितळ गाठा.