उद्योगांची वाढ आणि नदीची सहनशक्ती

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. ठाण्याची वागळे वसाहत आणि डोंबिवली, अंबरनाथ येथील औद्योगिक वसाहतींनी हजारो हातांना काम दिले. पाठोपाठ लोकवस्ती वाढली. १९८२ साली ठाणे व १९८३ साली कल्याण येथे महानगरपालिका अस्तित्वात आल्या. कल्याण परिसरात या वाढीला लागणारे पाणी आणि तिचे सांडपाणी या दोहोंचा भार उल्हास खोऱ्यावरच पडला.

राजमाची परिसरात उगम पावणाऱ्या उल्हास नदीतून कल्याण-डोंबिवलीसह अनेक शहरे पिण्याचे पाणी घेतात. उल्हासनगरचा खेमाणी नाला याच नदीला मिळतो. इ.स. १०६० चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनीच्या काठी उभे आहे. तीच वालधुनी आज घरगुती व रासायनिक सांडपाणी वाहून नेते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते.

नदी स्वतःला काही प्रमाणात शुद्ध करीत असते. पाण्यातील सूक्ष्म जीव सेंद्रिय घाणीचे विघटन करतात. त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो. घाण मर्यादेबाहेर गेली की प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातही प्रामुख्याने असेच सूक्ष्म जीव काम करतात. एखाद्या कारखान्याने तीव्र आम्ल तसेच सोडले तर हे जीव नष्ट होतात आणि इतर सर्वांचे सांडपाणीही अर्धवटच शुद्ध होते. म्हणून आम्लाचे उदासिनीकरण कारखान्याच्या आवारातच झाले पाहिजे. एकाची कसूर सर्वांचा खर्च वाया घालविते.

जलप्रदूषण प्रतिबंधासाठी राज्याने १९६९ साली आणि केंद्राने १९७४ साली कायदा केला. तरीही उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला कोट्यवधी रुपयांचा दंड ठोठवावा लागला. दंडाने दोष सिद्ध होतो. मेलेली नदी त्याने जिवंत होत नाही.

नागरी वाढ आता बदलापूर व शीळच्या दिशेने खेडोपाडी पोहोचली आहे. अशा वेळी नव्या प्रकल्पाचा विचार करताना पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी तीन प्रश्न आधी विचारावेत. पाणी कोठून येणार? सांडपाणी कोठे जाणार? उन्हाळ्यात प्रवाह क्षीण झाल्यावर तो भार नदी सोसेल काय? शिक्षकांनीही विद्यार्थ्यांकडून गावच्या ओढ्याच्या पाण्याचा रंग, वास आणि आम्लता यांची मासिक नोंद ठेवावी. विकासाचा हिशेब मांडताना नदीची सहनशक्ती ही जमेची बाजू आहे. ती संपल्यानंतर हिशेब मांडण्यात अर्थ नाही.