औंधच्या टेकडीवर सुट्टीतला एक दिवस : खर्च किती, कशावर?

मे महिन्यात मुलांना कुठे न्यायचं या प्रश्नाला बहुतेक घरांत पहिलं उत्तर वॉटर पार्क आणि दुसरं महाबळेश्वर. दोन्हीकडे चौघांचं कुटुंब दिवसाला काही हजार सहज मोजून येतं. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात औंधला यमाईच्या डोंगरावर जे संग्रहालय आहे, तिथे याच चौघांचा दिवस साताऱ्याहून एसटीने गेलं तर दीड हजाराच्या आत बसतो. डबा घरून नेला तर त्याच्याही निम्म्यात. हा हिशेब कसा जमतो आणि कुठे फसतो, ते सांगतो.

आधी जागेविषयी. श्री भवानी संग्रहालय १९३८ साली औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभं केलं. राजे स्वतः चित्रकार. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला पाठबळ देणारे, सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. त्यामुळे इथला संग्रह तलवारी-ढालींचा नाही. राजा रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं, जुनी लघुचित्रं, हस्तिदंती आणि चंदनी कोरीवकाम, आणि सगळ्यांत अनपेक्षित म्हणजे हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं ‘आई आणि मूल’. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या दालनांत शोभावं असं शिल्प खटावच्या दुष्काळी पट्ट्यात कसं आलं, हा प्रश्न मुलांनाच विचारू द्या. उत्तर ऐकायला वेळ लागतो, पैसे लागत नाहीत.

आता खर्च. सगळ्यांत मोठा आकडा तिकिटाचा नसतो, गाडीचा असतो. राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयांचं प्रवेशशुल्क किरकोळ असतं; दर बदलतात म्हणून माणशी ५० रुपये बाजूला काढून ठेवा, उरले तर उसाचा रस प्या. साताऱ्याहून औंध रहिमतपूरमार्गे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं आणि जानेवारी २०२५ च्या वाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे दहा रुपयांच्या आसपास पडतात. म्हणजे आठ टप्प्यांचे साधारण ८० रुपये. बाबांचं पूर्ण तिकीट ८०. आईला मार्च २०२३ पासून अर्धं, म्हणजे ४०. दहा वर्षांच्या मुलाचं अर्धं ४०, कारण पाच ते बारा वयाला निम्मं भाडं आहे. आजी पासष्ट ते पंचाहत्तरमधली असेल तर तिचेही ४०. जायचे २००, यायचे २००. आजीने पंचाहत्तरी ओलांडली असेल तर तिचा प्रवास फुकट, फक्त वयाचा पुरावा पिशवीत हवा. रुपया-दोन रुपये इकडेतिकडे होतील, पण गणित एवढंच.

पुण्याहून भाड्याची गाडी केली की चित्र बदलतं. जाऊन-येऊन अंतर तीनशे किलोमीटरच्या घरात, आणि बाहेरगावच्या भाड्याला बहुतेक गाडीवाले दिवसाला किमान तीनशे किलोमीटरच धरतात. किलोमीटरला १४ रुपये मागितले तर ४,२०० झाले. त्यावर चालकाचा भत्ता, खेड शिवापूर आणि आनेवाडीचे टोल. पाच हजार गेलेच समजा. स्वतःची गाडी असेल तर पेट्रोलला दोन हजारांच्या थोडं वर. फास्टॅगचा तीन हजारांच्या आसपासचा वार्षिक पास काढला असेल तर महामार्गावरच्या टोलची चिंता नाही, पण नुसत्या या सहलीसाठी तो काढू नये. माझं मत विचाराल तर पुणेकरांनी साताऱ्यापर्यंत कसंही यावं आणि पुढे लाल गाडीने जावं. खिडकीतून रहिमतपूरच्या पुढचा कोरडा माळ दिसू लागला की मुलांना भूगोलही कळतो.

तीस-पस्तीस जणांचा सोसायटीचा गट असेल तर आगारात जाऊन ‘प्रासंगिक करार’ विचारा. अख्खी एसटी भाड्याने मिळते, मात्र अनामत आधी भरावी लागते आणि लग्नसराईत गाड्या लवकर अडकतात. शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते ती शाळेला, सोसायटीला नाही. इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सुट्टी लागली की मुख्याध्यापक गावाला जातात. शाळेच्या नावाने सवलत, संग्रहालयाला द्यायचं पत्र, काहीही हवं असेल तर ते एप्रिल उजाडायच्या आत सही-शिक्क्यानिशी हातात घ्या.

वार निवडताना सोमवार टाळा. सरकारी संग्रहालयं बहुधा त्या दिवशी बंद असतात, आणि सरकारी सुट्टीलाही दार उघडं असेल याची खात्री नसते. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला देवीला गर्दी असते. उरतात बुधवार, गुरुवार, शनिवार आणि रविवार. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन नेमका सुट्टीत येतो. त्या दिवशी बऱ्याच संग्रहालयांत प्रवेश मोफत असतो किंवा काहीतरी कार्यक्रम होतो. १८ एप्रिलच्या जागतिक वारसा दिनाचंही तसंच. मात्र छोट्या गावात या दिवसांची जाहिरात होत नाही. आठ दिवस आधी फोन करून विचारणं हाच उपाय.

वेळापत्रक उन्हाप्रमाणे लावा. सकाळची पहिली गाडी पकडून वर मूळपीठाच्या यमाईचं दर्शन आधी उरका, कारण दहानंतर पायऱ्या तापतात. गुडघेदुखी असलेल्यांसाठी वरपर्यंत गाडीरस्ता आहे. संग्रहालय डोंगराच्या मध्यावर आहे, ते उतरताना करा. म्हणजे भर दुपारी डोक्यावर छप्पर असतं. दालनांत वरून नैसर्गिक उजेड येईल अशी इमारतीची रचना आहे, त्यामुळे दुपार चित्रं बघायलाही चांगली. यमाई ज्यांची कुलस्वामिनी आहे अशी कितीतरी घरं ओटी भरायला इथे येतात आणि संग्रहालयावरून तशीच खाली उतरतात. त्यांच्यासाठी तर हा खर्च फक्त तिकिटाचा.

आता कार्यक्रमाचं. ‘उन्हाळी उपक्रम’ म्हटल्यावर मुंबई-पुण्याच्या पालकांच्या डोळ्यांसमोर मातीकाम, गोष्टी, ओळखपत्र गळ्यात अडकवलेली ताई असं काहीतरी येतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१९ पासून मुलांसाठी वेगळी इमारत आहे, तिथे हे सगळं मिळतं. गावातल्या संग्रहालयात एक पहारेकरी, एक लिपिक आणि फार तर एक अभिरक्षक असतो. तिथे कार्यक्रम आपणच न्यायचा असतो. त्याला खर्च येतो माणशी ५०-६० रुपये : चाळीस पानी कोरी वही, दोन शिसपेन्सिली, खोडरबर. शाईचं पेन आत नेऊ नका. फोटो काढू देणार नाहीत असं धरूनच जा, म्हणजे दारात वाद होत नाही आणि मूल फोनऐवजी डोळ्यांनी बघतं.

काम काय द्यायचं? ‘सगळं बघून या’ म्हणू नका. अर्ध्या तासात मूल पाणी मागतं. एकच चित्र द्या. किरातार्जुनाची लघुचित्रं मांडलेली असतील तर त्यातला रानडुक्कर शोधायला सांगा. शिकारी झालेले शंकर आणि अर्जुन ज्याच्यावरून भांडले, तो. चित्र एवढंसं असतं की नाक काचेला लागेपर्यंत वाकावं लागतं, आणि वाकल्यावर पानापानांची झाडं, धनुष्याची दोरी, पाठीवरचे केस असं एकेक दिसू लागतं. मग रविवर्म्याच्या मोठ्या तैलचित्रापुढे उभं करा आणि साडीची जर किती रंगांत रंगवली आहे ते मोजायला सांगा. वहीत दोन्ही. तासभर कसा गेला कळत नाही.

कुणी संस्था औंधला किंवा तुमच्या गावच्या संग्रहालयात शिबिर घेत असेल तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. फीमध्ये साहित्य आणि खाऊ धरला आहे का? एका शिक्षकामागे मुलं किती? तीन दिवसांच्या शिबिरात प्रत्यक्ष दालनात किती तास? मध्येच मूल आजारी पडलं तर पैसे परत मिळतात का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘एक राऊंड मारतो’ असं आलं, तर तेच शिबिर घराजवळच्या शाळेत निम्म्या पैशांत होऊ शकतं. पुठ्ठ्याची तलवार करायला डोंगर चढायची गरज नाही. गावातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकांना आधी गाठून दोन तास माहिती सांगायची विनंती केली, आणि दहा मुलांच्या पालकांनी मिळून पाचशे-हजार मानधन दिलं, तर माणशी शंभराच्या आत त्याहून चांगलं पदरात पडतं.

मराठवाड्यातल्या वाचकांना औंध दूर पडेल. त्यांनी धाराशिव जिल्ह्यातलं तेर बघावं. ग्रीक प्रवासवर्णनात ‘तगर’ म्हणून नोंदलेलं हे व्यापारी गाव. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेला ठेवा तिथल्या शासकीय संग्रहालयात आहे. मणी, खापरं, मृण्मूर्ती असं हातात मावणारं सगळं, म्हणून लहान मुलांना तेर औंधपेक्षाही सोपं. फक्त चैत्र वद्यात गोरोबाकाकांची यात्रा असते, तेव्हा संग्रहालयासाठी म्हणून जाऊ नये.

जेवणाचं थोडक्यात : गावातल्या खानावळीत थाळीला माणशी दीडशे धरा. पाणी मात्र घरून, माणशी दोन लिटर. वर विकत मिळेल या भरवशावर राहू नका. आणि औंधला उतरल्या उतरल्या स्टँडवर परतीच्या गाड्यांच्या वेळा वाहतूक नियंत्रकाला विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शेवटची साताऱ्याची गाडी चुकली तर रिक्षा किंवा जीपवाला जो आकडा सांगेल, त्यात दिवसभराची सगळी बचत जाते.