बोटांचा ताठरपणा : मानेपासून मुठीपर्यंत

(आरोग्यशिक्षण लेख : भौतिकोपचार विभाग)

जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एका विभागाने आपल्या कामातील एखादा विषय सोप्या भाषेत मांडावा, असा या अहवालाचा प्रघात आहे. यंदा हा मान भौतिकोपचार विभागाकडे आला. आम्ही निवडलेला विषय वरवर पाहता लहान आहे. बोटे आखडतात, सकाळी मूठ वळत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, शर्टाच्या गुंड्या लावता येत नाहीत, ही तक्रार घेऊन येणारे रुग्ण बाह्यरुग्ण विभागात नित्य दिसतात. जिवावर बेतणारा आजार नाही म्हणून घरचे लोक तिकडे काणाडोळा करतात. परंतु ज्याचे पोट हातावर आहे, त्याचे बोट अडले की चूल अडते. म्हणून हा विषय विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्त या सर्वांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमच्याच चुकीपासून आरंभ

ब्लाउज शिवणे, फॉल-पिको आणि तुरपाई यांवर संसार चालवणाऱ्या, पंचेचाळिशीच्या एक भगिनी आमच्याकडे आल्या. उजव्या हाताची बोटे जड झाली होती. दुपारनंतर कात्री धरवत नव्हती. घरी तेलाने चोळून, शेकून झाले होते. आम्ही त्यांच्या बोटांचे सांधे तपासले. सूज नव्हती. रक्ताच्या तपासण्यांत संधिवाताचे किंवा मधुमेहाचे चिन्ह नव्हते. आम्ही मेणाचा शेक दिला, बोटांचे व्यायाम शिकवले. शेक घेतल्यावर दोन तास बरे वाटे, संध्याकाळी पुन्हा तेच. असे तीन आठवडे गेले. या तीन आठवड्यांत आम्ही फक्त त्यांचे बोट पाहत होतो, हे येथे मोकळेपणाने नमूद करतो.

विभागात एका देणगीदारांनी दिलेले जुने शिवणयंत्र होते. एके दिवशी आम्ही त्यांना त्यावर बसून नेहमीप्रमाणे शिवण्यास सांगितले आणि बाजूला उभे राहून पाहिले. त्या सुईच्या टोकापासून वीतभर अंतरावर वाकल्या. हनुवटी पुढे, खांदे कानांपर्यंत चढलेले, कोपरे अंगापासून दूर, मनगट आत वळलेले. कापड सरकवण्यास लागणाऱ्या जोराच्या कितीतरी पट जोराने बोटे ते दाबून धरत होती. मग आम्ही विचारले, "ताई, इतके वाकून का बसता?" उत्तर मिळाले, "सुई दिसत नाही हो नीट."

आजार बोटात जाणवत होता. त्याचे मूळ डोळ्यांपाशी होते.

बोटे हलतात कोणाच्या जोरावर?

हा दुवा समजण्यासाठी हाताची रचना थोडी पाहावी लागेल. बोटांच्या आत, बोटे वाकवणारे मांसल स्नायू नाहीत. ते काम करणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. त्यांतील काहींची सुरुवात तर कोपराच्या वर, दंडाच्या हाडाच्या टोकापाशी होते. तेथून निघालेल्या दोऱ्यांसारख्या कंडरा मनगट ओलांडून बोटांपर्यंत जातात. तळहाताच्या बाजूने मनगटाच्या एका अरुंद बोगद्यातून अशा ९ कंडरा व एक प्रमुख मज्जातंतू एकत्र जातात. तळहातातील लहान स्नायू बारीक हालचालींना नेमकेपणा देतात.

या सर्व स्नायूंना आज्ञा पोहोचवणारे मज्जातंतू मानेतून निघतात. मानेतील शेवटच्या चार व पाठीच्या पहिल्या मणक्याजवळून निघालेल्या शाखांचे एक जाळे बनते. ते मानेच्या बाजूच्या स्नायूंमधून, गळ्याच्या हाडाखालून आणि छातीच्या एका लहान स्नायूखालून काखेत उतरते. म्हणजे बोट हा वेगळा अवयव नसून मानेपासून सुरू होणाऱ्या एका लांब साखळीची शेवटची कडी आहे.

वाचकांनी पुढील प्रयोग बसल्या जागी करून पाहावा. कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरावा व मनगट सैल सोडून पुढे पडू द्यावे. बोटे आपोआप सरळ होतात. आता मनगट मागे झुकवावे. बोटे आपोआप मिटू लागतात. आपण बोटांना काहीही सांगितलेले नाही; मनगटावरून जाणाऱ्या कंडरांची ओढ बदलली, इतकेच. आता मनगट पूर्ण पुढे वाकवून ठेवून घट्ट मूठ वळण्याचा प्रयत्न करावा. ती नीट वळत नाही. मनगट किंचित मागे असले म्हणजेच मुठीला पूर्ण जोर येतो. जो माणूस दिवसभर मनगट वाकवून काम करतो, तो आपल्या बोटांना सतत चढावर चालवत असतो.

ताण साचतो कसा?

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्यातील बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. सैल पडतो तेव्हा रक्त पुन्हा वाहते. चालताना, दळताना, पाणी शेंदताना ही उघडझाप होत राहते, म्हणून असे काम पुष्कळ वेळ करता येते. परंतु खांदे उचलून, मान पुढे काढून तासन् तास स्थिर बसल्यास त्या स्नायूंना सैल पडण्याची संधीच मिळत नाही. मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे साडेचार ते पाच किलो असते. ते खांद्यांच्या सरळ वर असेपर्यंत मानेला फारसे जाणवत नाही; पुढे झुकले की मागच्या स्नायूंना ते अखंड तोलून धरावे लागते.

खांदा स्थिर नसेल तर हाताला नेमके काम करता येत नाही. मग नेमकेपणा राखण्यासाठी माणूस नकळत पकड घट्ट करतो. बोटे मिटणारे आणि उघडणारे असे दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी ताणले जातात. अशा वेळी सांधा मोकळा असूनही बोट जड वाटते; गाडीचा हातब्रेक न सोडता ती हाकावी तसे. तेल बोटाला लावले जाते, ब्रेक मात्र खांद्यावर लागलेला असतो.

हे ज्ञान नवे नाही. कारागिरांच्या रोगांवर १७०० साली ग्रंथ लिहिणारे इटलीचे वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या व्याधींचा विचार केला. त्यांनी तीन कारणे सांगितली : सतत बैठक, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. आमच्या शिवणकाम करणाऱ्या भगिनींना ही तिन्ही कारणे तंतोतंत लागू होती. चौथे कारण, अंधुक नजर, त्यांच्या वाट्याला जास्तीचे होते.

तपासणीतील तीन प्रश्न

प्रत्येक आखडलेल्या बोटाचा दोष बसण्याच्या ढबीवर टाकणे ही मात्र दुसऱ्या टोकाची चूक होईल. म्हणून आम्ही तीन प्रश्न क्रमाने विचारतो.

पहिला : रुग्णाचे बोट स्वतःहून हलत नाही, पण आम्ही हळुवार हलवल्यास पूर्ण हलते का? हलत असेल तर सांधा मोकळा आहे. कारण स्नायू, कंडरा किंवा मज्जातंतूत शोधावे.

दुसरा : बोट आमच्या हातांनीही पूर्ण हलत नसेल, तर मनगटाची स्थिती बदलल्यावर त्यात फरक पडतो का? पडत असेल तर कंडरा व स्नायू आखूड झाले आहेत. पडत नसेल तर सांधा किंवा त्याचे आवरण धरले आहे.

तिसरा : सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो? थोड्या हालचालीने अर्ध्या तासात सुटणारा ताठरपणा बहुधा झीज किंवा श्रम यांमुळे असतो. तासाहून अधिक टिकणारा व सांध्यांच्या सुजेसह येणारा ताठरपणा आमवातासारख्या संधिवाताची सूचना असू शकतो. तेथे औषधोपचार लवकर सुरू होणे फार महत्त्वाचे असते. उशीर झाल्यास सांध्यांची हानी भरून येत नाही.

मधुमेहाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. दीर्घकाळ साखर वाढलेली राहिल्यास हाताची त्वचा व सांध्यांभोवतीच्या ऊती जाड आणि कडक होतात. नमस्कार करताना दोन्ही तळवे व बोटे एकमेकांना सपाट टेकत नाहीत, मध्ये फट राहते. आमच्या विभागात एक निवृत्त गृहस्थ "संगणकावर बसून मान धरली, म्हणून बोटे आखडली" अशी खात्री बाळगून आले. त्यांना नमस्कार करावयास सांगितले, तेव्हा तळव्यांमध्ये फट दिसली. तपासणीत साखर पुष्कळ वाढलेली आढळली. अशा रुग्णांमध्ये डोळ्यांचा पडदा व मूत्रपिंड यांचीही तपासणी अवश्य करावी लागते. नुसते बैठकीचे धडे देऊन त्यांना घरी पाठवले असते तर मोठा अनर्थ झाला असता. वाकवलेले बोट अडकून एकदम खट्कन उघडते, तो दोष कंडरेच्या आवरणाचा असतो आणि तोही मधुमेह्यांत अधिक आढळतो.

प्लास्टरमधील हात

मनगटाचे हाड मोडून प्लास्टर घातलेल्या रुग्णांविषयी आप्तांना आमची कळकळीची विनंती आहे. "हात हलवू नका" या सूचनेचा अर्थ पुष्कळ घरांत फार व्यापक घेतला जातो. रुग्ण हात झोळीत लोंबता ठेवून बसतो. खांदा हलत नाही, बोटेही हलत नाहीत. खाली लोंबणाऱ्या हातात पाणी साचते. ती सूज सांध्यांच्या आवरणात मुरते व आवरण आकसते. सहा आठवड्यांनी हाड जुळते, परंतु मूठ वळत नाही आणि खांदाही वर जात नाही. हाडाच्या दुखण्यापेक्षा हे दुखणे लांबते.

म्हणून डॉक्टरांनी वेगळी सूचना दिली नसेल तर सुरुवातीचे दिवस हात उशीवर, हृदयाच्या पातळीच्या वर ठेवावा. अंगठी व बांगड्या ताबडतोब काढाव्यात. प्लास्टरबाहेरची बोटे जागेपणी दर तासाला पूर्ण मिटावीत व पूर्ण उघडावीत. दिवसातून तीन-चार वेळा खांदा डोक्यावर न्यावा. मात्र वेदना वाढत असतील, बोटे पांढरी, निळी किंवा बधिर होत असतील, तर सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी रुग्णालयात यावे.

घरी व कामावर काय करावे?

काम डोळ्यांच्या जवळ आणावे, डोळे कामाजवळ नेऊ नयेत. खुर्ची बुटकी असल्यास बसण्याखाली पाट किंवा घडी केलेली चादर घ्यावी, म्हणजे कोपरे यंत्राच्या पातळीला येतात व खांदे आपोआप खाली उतरतात. पाय जमिनीला किंवा पायडलला टेकलेले असावेत. प्रकाश बाजूने व पुरेसा असावा. कात्रीला वेळेवर धार लावावी. बोथट कात्री बोटांचा जोर खाते. बारीक खडू, पेन्सिल अथवा सुरीच्या मुठीला कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड केल्यास पकड सैल राहते. दर अर्ध्या तासाने हात खाली सोडावे, खांदे दोन-तीन वेळा गोल फिरवावेत, श्वास सावकाश सोडावा व बोटे पंख्याप्रमाणे पसरावीत. एक मिनिट पुरते. चाळिशीनंतर जवळचे दिसत नसेल तर चष्म्याची लाज बाळगू नये.

पुढील लक्षणे आढळल्यास व्यायामावर विसंबून न राहता तपासणी करून घ्यावी : बोटे वाकडी होत जाणे व त्यांत बधिरपणा किंवा अंगावर बधिर चट्टा असणे (कुष्ठरोगाचा उपचार शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतो व तो पूर्ण बरा होतो), रात्री हाताला मुंग्या येऊन झोपमोड होणे, हालचाली मंद होऊन हात थरथरणे. बोट लाल, सुजलेले व ठणकणारे असून ताप असेल, किंवा एका हातातील शक्ती अचानक जाऊन चेहरा वाकडा झाला असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

समारोप

त्या शिवणकाम करणाऱ्या भगिनींचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. नेत्रविभागाने त्यांना जवळचा चष्मा दिला. आम्ही त्यांची बैठक उंच केली, दिव्याची जागा बदलण्यास सांगितले आणि मान, खांदा व कोपरापुढील स्नायू यांचे मोजके व्यायाम शिकवले. सुमारे दोन महिन्यांत त्या संध्याकाळपर्यंत कात्री धरू लागल्या. लग्नसराईत काम वाढले की बोटे अजूनही कुरकुरतात, असे त्या सांगतात. मात्र काय करावयाचे हे त्यांना ठाऊक आहे. संपूर्ण बरे झाल्याचा दावा आम्ही करत नाही. त्यांचे काम सुटले नाही, हे आम्हांस पुरेसे वाटते.

या उपचारात महागडे उपकरण कोणतेही लागले नाही. एक जुने शिवणयंत्र, एक चष्मा, एक पाट आणि रुग्णाकडे थोडा वेळ लक्षपूर्वक पाहणे, एवढेच लागले. यांतील यंत्र व चष्मा देणगीदारांच्या औदार्यातून आले. त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पाहण्याचे काम आमचे होते. ते आम्ही तीन आठवडे उशिरा केले. आता बोटांची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णास आम्ही प्रथम विचारतो, "आपण काम कसे करता, ते जरा करून दाखवाल का?"